फोनसोबत आलेली ॲप्स : गरजेची किती, गळ्यात मारलेली किती?

नवा फोन घेऊन दुकानात आलो की पहिल्या दिवशी आपण काय करतो? सिम घालतो, व्हॉट्सॲप घेतो, पैशांच्या देण्याघेण्याचे ॲप घेतो आणि कामाला लागतो. फोनमध्ये आधीपासून काय काय भरलेले आहे, हे पाहण्याची फुरसत कुणालाच नसते. सहा-आठ महिन्यांनी जागा संपल्याची सूचना येऊ लागते, फोन अडखळू लागतो, तेव्हा कुठे आपण ॲप्सची यादी उघडतो. तीस-चाळीस नावे अशी निघतात की जी आपण मागितली नाहीत, कधी वापरली नाहीत आणि त्यांतल्या निम्म्यांचा अर्थही आपल्याला कळत नाही. काढायला जावे तर 'अनइन्स्टॉल'चे बटणच नसते.

अशा वेळी बाजारात दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतो, कंपनीने दिले आहे म्हणजे गरजेचेच असणार, हात लावू नका. दुसरा म्हणतो, सगळा कचरा आहे, साफ करून टाका. मी दुसऱ्या प्रकारातला होतो. त्याची किंमत मोजली, म्हणून हा लेख.

माझा धंदा कोऱ्या कापडाचा. मालेगावच्या यंत्रमागावरचा माल घ्यायचा आणि रंगाई-छपाईसाठी बालोत्रा, पालीच्या पार्ट्यांना द्यायचा. पूर्वी भाव फोनवर ठरत, आता व्हॉट्सॲपवर ठरतात. दोन-तीन वर्षांपूर्वी फोन फार मंद झाला म्हणून गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्या मुलाकडे दिला. "चाचा, फोन एकदम हलका करून देतो," असे म्हणून त्याने संगणकाला केबल लावली आणि अर्ध्या तासात पंचवीस-तीस ॲप्स उडवली. फोन खरोखरच हलका झाला. घरी येईपर्यंत मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी फोनची घंटीच वाजेना. व्हॉट्सॲप उघडले की सगळे निरोप दिसत, पण उघडल्याशिवाय काही कळत नसे. बालोत्र्याच्या एका जुन्या पार्टीने सकाळी अकरा वाजता बारा गठ्ठ्यांचा भाव कबूल केला होता. मी तो संध्याकाळी मगरिबनंतर पाहिला. तोवर त्याने माल दुसरीकडून उचलला होता, आणि त्याचे काही चुकले असे मी म्हणू शकत नाही. त्याच दिवशी सूतवाल्याला पैसे द्यायला गेलो तर पैशांचे ॲप उघडेना. 'गूगल प्ले सर्व्हिसेस' हवे, असे सांगू लागले. त्या मुलाने हेच उडवले होते. यादीत त्याने सर्वांत जास्त जागा आणि बॅटरी खाल्लेली दिसत होती, म्हणून त्याने त्यालाच सर्वांत मोठा कचरा समजले. शेवटी एका जाणकाराने पुन्हा केबल लावून ते परत बसवले, तेव्हा घंटी वाजू लागली.

त्यानंतर मी हा विषय जरा नीट समजून घेतला. जे कळले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडतो.

'सिस्टम ॲप' म्हणजे काय?

समजा, आपण एक गाळा भाड्याने घेतला. मालकाने भिंतीत काही कपाटे आधीच बांधून ठेवली आहेत. आपण आणलेली गादी, मेज, तराजू हे आपले सामान. वाटेल तेव्हा उचलून बाहेर काढता येते. भिंतीतले कपाट मात्र काढता येत नाही, फार तर कुलूप लावता येते. अँड्रॉइड फोनची रचना अशीच आहे. फोनच्या साठ्याचे भाग पाडलेले असतात. एका भागात फोन चालवणारी यंत्रणा आणि तिच्यासोबत कंपनीने बसवलेली ॲप्स असतात. तो भाग वापरणाऱ्याला फक्त वाचता येतो, त्यात फेरफार करता येत नाही. दुसरा भाग आपला, त्यात आपण घेतलेली ॲप्स, फोटो, हिशेब. पहिल्या भागात जे बसले ते 'सिस्टम ॲप'.

म्हणजे हे नाव जागेचे आहे. गरजेचा तो दाखला नव्हे. बहुतेकांची फसगत इथेच होते. भिंतीतल्या एका कपाटात विजेचा मीटर आणि मुख्य बटण असते, आणि शेजारच्या कपाटात मालकाने आपल्या मेहुण्याच्या दुकानाची जाहिरात चिकटवलेली असते. दोन्ही भिंतीतच आहेत, पण म्हणून दोन्ही सारखीच गरजेची ठरत नाहीत.

ह्या रचनेचा दुसरा परिणाम जागेवर होतो. सिस्टम ॲप बंद केले तरी त्याने भिंतीत अडवलेली मूळ जागा आपल्या हाती येत नाही, कारण ती आपली कधी नव्हतीच. मोकळे होते ते फक्त त्या ॲपने नंतर घेतलेले अपडेट आणि साठवलेली माहिती. डब्यावर 32 जीबी छापलेल्या फोनमध्ये मालकाला 32 जीबी कधीच मिळत नाहीत, ते ह्यामुळे. स्वस्त फोन घेणाऱ्या कारागिराला हा भार जास्त जाणवतो. 128 जीबीच्या फोनमध्ये दहा-बारा जीबी गेले तर पत्ता लागत नाही, 32 मध्ये गेले तर तिसरा हिस्सा गेला.

आता खरोखर गरजेची कोणती ते पाहू. काहींची नावेच सांगतात : सेटिंग्ज, फोन, सिस्टम यूआय. पण खरी कामाची ॲप्स बहुधा पडद्यामागे असतात आणि त्यांची नावे विचित्र असतात. 'कॉन्टॅक्ट्स स्टोरेज' म्हणजे नाव-नंबरांची वही. तिला धक्का लागला तर फोन येईल, पण कुणाचा ते कळणार नाही. 'मीडिया स्टोरेज' बंद पडले तर फोटो फोनमध्ये असूनही गॅलरीत दिसत नाहीत. 'पॅकेज इन्स्टॉलर' नसेल तर नवे ॲप बसत नाही. आणि 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' हे तर असे की त्याला स्वतःची खिडकीच नाही. दुसऱ्या एखाद्या ॲपच्या आत वेबसाइटचे पान उघडायचे असेल तर ते काम हे करते. ते किती गरजेचे आहे हे मार्च 2021 मध्ये साऱ्या जगाला दिसले. त्याचे एक सदोष अपडेट आले आणि असंख्य फोनांवर जीमेलसह कितीतरी ॲप्स उघडताच बंद पडू लागली. लोकांनी ते अपडेट काढून टाकले तेव्हा फोन चालू लागले.

गूगल प्ले सर्व्हिसेसचे काम मी माझ्या नुकसानीतून शिकलो. प्रत्येक ॲपने आपापल्या मुख्यालयाशी दिवसभर तार जोडून ठेवली तर बॅटरी दुपारीच संपेल. म्हणून बहुतेक ॲप्सचे निरोप एकाच तारेवरून येतात आणि ती तार प्ले सर्व्हिसेस सांभाळते. ठिकाण शोधणे, खात्याची ओळख पटवणे, फोनमध्ये कुणी छेडछाड केली आहे का याची पैशांच्या ॲपला खात्री देणे, हीही कामे तेच करते. दहा जणांचे काम एकटा करणारा मुनीम पगारही जास्त घेतो. बॅटरीच्या यादीत तो वर दिसतो ते ह्यामुळे.

पण इथे एक प्रश्न उरतो. प्ले सर्व्हिसेस फोनला गरजेचे आहे, की गूगलने व्यवस्थाच अशी लावली आहे की त्याच्यावाचून चालू नये? याचे उत्तर चीनच्या हुआवे कंपनीच्या अनुभवात सापडते. मे 2019 मध्ये अमेरिकेच्या सरकारने ह्या कंपनीवर निर्बंध घातले आणि तिला नव्या फोनांत गूगलच्या सेवा देता येईनात. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने 'मेट 30' हा फोन गूगलशिवाय आणला. अँड्रॉइडचा मूळ गाभा सर्वांना खुला असल्याने फोन चालला, बोलणे झाले, फोटो निघाले. कंपनीने स्वतःचे ॲपचे दुकान आणि स्वतःच्या सेवा उभ्या केल्या. परंतु चीनबाहेरच्या गिऱ्हाइकाला रोजची ॲप्स मिळेनात आणि त्या बाजारात कंपनीची विक्री घसरली. म्हणजे यंत्राला गूगलची गरज नाही, बाजाराला आहे. आपल्या धंद्यात हा फरक समजायला फार वेळ लागू नये. मागाला अमुकच दलाल लागत नाही, पण गावातले सगळे सूत त्याच्याच वखारीतून निघत असेल तर माग काय करणार?

फुकट काही येत नाही

उरलेली ॲप्स कुणाच्या फायद्याची, हे कळायला फोन कंपनीच्या खातेवहीत डोकावावे लागते. शाओमी ह्या कंपनीने एप्रिल 2018 मध्ये जाहीर केले की फोन आणि इतर यंत्रांवर आपण 5 टक्क्यांहून अधिक निव्वळ नफा घेणार नाही. ऐकायला फार चांगले वाटते. पण पाच टक्क्यांत एवढा पसारा कसा चालेल? कमाईचा दुसरा रस्ता इंटरनेट सेवांचा, म्हणजे जाहिराती आणि फोनमधून होणारी इतर विक्री यांचा. बहुतेक स्वस्त फोनांचे गणित असेच आहे. फोनमध्ये आधीच बसलेले खरेदीचे ॲप, खेळ, बातम्या, कुलूपबंद पडद्यावर रोज बदलणारी चित्रे हा त्या गणितातला वसुलीचा भाग. फोन दोन-चार हजारांनी स्वस्त पडला असेल तर बाकीची रक्कम आपण अशी हप्त्याहप्त्याने फेडत असतो.

मी याला सरसकट लबाडी म्हणणार नाही. कमी पैशांत चांगले यंत्र हाती आले, त्यामुळे कितीतरी गरीब घरांतली मुले शिकली. पण गिऱ्हाइकाला सौदा समजावून सांगितला असता तर बरे झाले असते. आपण कापडात सुती सांगून पॉलिस्टर मिसळले तर गिऱ्हाईक आपल्याला काय म्हणेल?

पहिल्या पडद्यावरच्या जागेची किंमत किती असते, याचा एक आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या न्यायालयाने गूगलने शोधसेवेत बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. शोधाची जागा आधीपासून आपलीच असावी म्हणून गूगलने 2021 ह्या एका वर्षात फोन आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना व मोबाइल सेवा कंपन्यांना मिळून 26.3 अब्ज डॉलर दिले होते. बाजारात कोपऱ्याच्या गाळ्याची पगडी जास्त का असते, हे आपल्याला माहीत आहे. येणाऱ्या माणसाची पहिली नजर तिथेच पडते.

पैशांपलीकडची एक बाब मला जास्त काळजीची वाटते. आपण घेतलेले ॲप कॅमेरा, नंबर, संदेश पाहण्याआधी इजाजत मागते. भिंतीतल्या ॲपला मात्र कित्येक परवानग्या कारखान्यातच मिळालेल्या असतात, त्यांबद्दल आपल्याला कुणी विचारत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये क्रिप्टोवायर ह्या अमेरिकी सुरक्षा कंपनीने उघडकीस आणले की तिकडे विकल्या जाणाऱ्या ब्लू कंपनीच्या काही स्वस्त फोनांत 'ॲडअप्स' ह्या चिनी कंपनीचे अपडेट करणारे सॉफ्टवेअर आधीच बसवलेले होते. ते लोकांचे संदेश अक्षरशः पूर्ण, शिवाय नाव-नंबरांची यादी आणि कुणाला कधी फोन केला याची नोंद चीनमधल्या यंत्राकडे पाठवत होते, आणि संदेश दर 72 तासांनी जात होते. वापरणाऱ्याला याची कल्पना नव्हती. पुढे 2019 मध्ये स्पेन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 214 कंपन्यांच्या 1,742 फोनांमधली आधीपासून बसवलेली 82 हजारांहून अधिक ॲप्स तपासली. ह्या ॲप्सवर देखरेख फार थोडी आहे आणि त्यांच्यामागे जाहिरातीच्या व माणसांची माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांचे जाळे आहे, असे त्यांना दिसले.

व्यापाऱ्याच्या फोनमध्ये काय असते? कोणत्या पार्टीकडे किती उधारी, कोणाला कोणता भाव, कोणाचा चेक परत आला. ही दुसऱ्याची अमानत आहे. आपल्या वहीवर आपण अनोळखी माणसाला बसू देत नाही.

मर्जी कुणाची?

हा प्रश्न आपल्या देशातही मोठ्या दरबारात गेला आहे. प्ले स्टोअर हवे असेल तर फोन कंपनीने गूगलची इतर ॲप्सही, म्हणजे सर्च, क्रोम, यूट्यूब वगैरे, संपूर्ण जुडगाच बसवला पाहिजे, असा गूगलचा करार असे. युरोपीय आयोगाने जुलै 2018 मध्ये अशाच अटींवरून 4.34 अब्ज युरोंचा दंड केला होता. तिथल्या न्यायालयाने 2022 मध्ये तो किंचित कमी केला. भारताच्या स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सोबत दहा हुकूम दिले. त्यांतला एक सरळ आपल्या कामाचा होता : गूगलची आधी बसवलेली ॲप्स काढून टाकायला वापरणाऱ्याला अडवू नये.

जानेवारी 2023 मध्ये गूगलने भारतासाठी करार सैल करून फोन कंपन्यांना एकेक ॲप स्वतंत्रपणे घेण्याची मुभा जाहीर केली. पण 29 मार्च 2023 रोजी अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवताना दहापैकी चार हुकूम रद्द केले, आणि ॲप काढू देण्याचा हुकूम त्या चारांत गेला. नंतर दोन्ही बाजू सर्वोच्च न्यायालयात गेल्या. युरोपात मात्र मार्च 2024 पासून अतिमोठ्या कंपन्यांना नवा कायदा लागू आहे. त्याप्रमाणे यंत्रणा चालण्यास अत्यावश्यक नसलेले ॲप वापरणाऱ्याला सहज काढता आले पाहिजे. त्यामुळे ॲपल कंपनीला तिथल्या आयफोनमध्ये स्वतःचे ॲप स्टोअर, कॅमेरा आणि सफारी ब्राउझरसुद्धा काढता येतील अशी सोय द्यावी लागली. काल जे फोनचा अविभाज्य भाग म्हणून सांगितले जात होते ते कायदा येताच काढता येऊ लागले. 'तांत्रिक कारण' ह्या शब्दावर किती विश्वास ठेवावा, हे ज्याने त्याने ठरवावे.

सरकारेही ह्या मोहातून सुटलेली नाहीत. रशियात 1 एप्रिल 2021 पासून फोनात रशियन ॲप्स बसवूनच विकण्याचा कायदा आहे. आपल्याकडे नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनात 'संचार साथी' हे ॲप आधीच बसवण्याचा आणि त्याच्या सोयी बंद पडू न देण्याचा आदेश कंपन्यांना दिला. त्यावर मोठा गदारोळ झाला. ॲप काढता येईल, असा खुलासा मंत्र्यांनी केला आणि 3 डिसेंबर 2025 रोजी सक्तीच मागे घेण्यात आली. आता हे ॲप कामाचे आहे यात मला शंका नाही. हरवलेला फोन बंद पाडता येतो, आणि आपल्या नावावर किती सिम कार्डे चालू आहेत ते कळते. गावोगावच्या कारागिरांनी हे एकदा जरूर तपासावे, कारण आधार कार्डाची प्रत कुठे कुठे दिली ते आपल्याला आठवत नसते. वेबसाइटवरूनही हे काम होते. पण चांगली वस्तू दुकानात ठेवणे वेगळे आणि गिऱ्हाइकाच्या घरात न विचारता नेऊन ठेवणे वेगळे.

हातचे काम

कायदा होईल तेव्हा होईल. आज आपल्या हाती 'डिसेबल'चे बटण आहे. 2011 च्या अँड्रॉइड 4.0 पासून ते मिळते. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत नावावर बोट ठेवले की ते दिसते. ते दाबले की ॲप झोपते, स्वतःहून चालत नाही, बॅटरी खात नाही, नजरेआड होते. आणि चूक झाली तर त्याच जागी 'एनेबल' दाबून परत उठते. केबल लावून उडवणे आणि हे बटण दाबणे यांत एवढाच मोठा फरक आहे की बटणाची चूक तुम्ही स्वतः सुधारू शकता. बटण पुसट असेल, दाबलेच जात नसेल, तर ते सहसा मीटरचे कपाट समजावे आणि सोडून द्यावे. नेहमीच तसे असते असे नाही, काही कंपन्या आपल्या जाहिरातीच्या ॲपचेही बटण पुसट ठेवतात. पण त्यासाठी जोखीम घेऊ नये.

माझी पद्धत सोपी आहे. एका दिवशी दोनच ॲप्स बंद करायची, नावे वहीत लिहायची आणि आठ दिवस थांबायचे. घाई केली आणि काही बिघडले तर कशामुळे बिघडले ते कळत नाही. खेळ, सिनेमाचे ॲप, कंपनीचे दुसरे ॲपचे दुकान, थीमचे दुकान, दुसरा ब्राउझर, कुलुपाच्या पडद्यावरची चित्रे, ही पहिल्या आठवड्यात गेली. कुणाची आठवणही आली नाही. काही फोनांत फेसबुक आधीच बसलेले असते आणि त्याच्यासोबत 'मेटा' किंवा 'फेसबुक' नावाने सुरू होणारी दोन-तीन बिनचेहऱ्याची ॲप्सही असतात. फेसबुक वापरत नसाल तर ती बंद केल्याने काही अडत नाही. अधूनमधून पडद्यावर मोबाइल सेवा कंपनीची जाहिरात अचानक उमटत असेल तर 'सिम टूलकिट' उघडून आत पाहावे. ते बंद न करताही त्या जाहिराती थांबवण्याची सोय पुष्कळदा तिथेच मिळते.

दोन ठिकाणी मी फसलो. 'प्रिंट स्पूलर' नावाचे ॲप दिसले. माझ्याकडे फोनला जोडलेला छपाईचा यंत्र नाही, म्हणून बंद केले. महिन्याने ब्राउझरमधून ई-वे बिल पीडीएफ करून ट्रकवाल्याला पाठवायचे होते, ते होईना. फोनमध्ये कागदावर छापणे आणि पीडीएफ करणे दोन्ही ह्याच दारातून जातात. ट्रक अर्धा तास उभा राहिला आणि चालकाने जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. दुसरी चूक कीबोर्डची. कंपनीचा कीबोर्ड आणि गूगलचा कीबोर्ड असे दोन होते, मी गूगलचा बंद केला. पण उर्दू लिहिण्याची सोय त्याच्यातच होती. माझे शालेय शिक्षण उर्दूतून झालेले, जुन्या पार्ट्यांशी पत्रव्यवहार अजून त्याच लिपीत चालतो. कीबोर्डच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की आपण जे जे लिहितो ते सारे त्याच्या हातून जाते. म्हणून ओळखीचा एकच ठेवावा आणि जाहिरातीत दिसणारे रंगीबेरंगी कीबोर्ड टाळावेत.

ह्यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गरजेचे काय, हे माणसागणिक बदलते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे 'टॉकबॅक' मला निरुपयोगी, पण ज्याची नजर गेली आहे अशा माणसाचा सारा फोन त्याच्यावर चालतो. माझ्याकडचा एक मुकादम लिहू शकत नाही. तो फोनशी बोलतो आणि फोन त्याचे बोलणे लिहून मला पाठवतो. ते काम करणारे ॲप यादीत असेच अनोळखी नावाने बसलेले आहे. त्याच्या मुलाने जागा करण्यासाठी ते बंद केले असते तर बाप मुका झाला असता. 2023 मध्ये सरकारने आपत्तीच्या सूचनेची चाचणी घेतली तेव्हा देशभरचे फोन एकाच वेळी किंचाळले होते, ते आठवत असेल. त्या सूचना दाखवणारे ॲप वर्षभर काहीच करताना दिसत नाही. नदीकाठच्या मोहल्ल्यात राहणाऱ्याने त्याला हात लावू नये.

बंद केल्याने फोन किती वेगवान होतो? खरे सांगायचे तर जाहिरातीची आणि बातम्यांची ॲप्स गेल्यावर फरक जाणवतो. गणकयंत्र किंवा होकायंत्र बंद केल्याने काहीच होत नाही, ती मुळातच झोपलेली असतात. आणि व्यापाऱ्याच्या फोनमधली जागा बहुतेक वेळा सिस्टम ॲप्सनी खाल्लेलीच नसते. ती खाल्लेली असते व्हॉट्सॲपवर आलेल्या नमुन्यांच्या फोटोंनी आणि रोज सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी. माझ्या फोनमध्ये ते अकरा जीबी निघाले. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडून आधी हे पाहावे, मग कंपनीला दोष द्यावा. जागा मोकळी करून देतो म्हणणारे 'क्लीनर' ॲप तर चुकूनही घेऊ नये. जून 2020 मध्ये भारत सरकारने ज्या 59 ॲप्सवर बंदी घातली, त्यांत 'क्लीन मास्टर' होते.

फोन विकताना किंवा बिघडल्यावर 'फॅक्टरी रीसेट' केला की बंद केलेली सारी ॲप्स जिवंत होऊन परत बसतात. मोठे अपडेट आले तरी एखाददुसरे डोके वर काढते, कधी सोबत नवा पाहुणाही आणते. म्हणून ती वहीतली यादी फाडून टाकू नये. माझ्या यादीत आज एकोणीस नावे आहेत. एकवीस होती, त्यांतली दोन, प्रिंट स्पूलर आणि गूगलचा कीबोर्ड, लाल शाईने खोडून पुन्हा कामावर घेतली आहेत.